युद्ध कुंपणाबाहेर, घोळ कुंपणाआत: युद्धकाळातल्या विनोदी मालिकांच्या हुकमी युक्त्या कशा उलगडायच्या आणि कशा वापरायच्या

एक सॉसेज आहे. त्यात गुंडाळी करून कोंबलेलं एक तैलचित्र आहे, उघड्या छातीच्या मॅडोनाचं. चित्र जर्मन कर्नलानं लुटलंय, गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, माणूस ते हिटलरसाठी शोधतोय, आणि ते दडवलंय फ्रान्समधल्या नूव्हियाँ गावच्या एका कॅफेत. कॅफेचा मालक रने या सगळ्यांनाच रोज संध्याकाळी हसतमुखानं दारू वाढतो. बीबीसीची ‘अलो अलो’ ही मालिका १९८४ ते १९९२ या काळात ८५ भाग चालली, आणि तिचा बराचसा भार या सॉसेजनं वाहिला.

एकांकिका आणि मालिका लिहिणाऱ्या नव्या मुलांबरोबर मी अधूनमधून बसतो. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सर, युद्धावर काहीतरी विनोदी लिहायचंय.’ पंधरा दिवसांनी खर्डा येतो. त्यात तोफांचे आवाज असतात, मूर्ख सेनापतीचं भाषण असतं, सीमेवर क्रिकेट खेळणारे दोन सैनिक असतात. हसू मात्र कुठेच येत नाही. चूक पहिल्याच पानावर झालेली असते, कारण त्यांनी युद्ध रंगमंचावर आणलेलं असतं. या प्रकारातल्या टिकलेल्या मालिका पाहा. त्यात युद्ध जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते युद्धानं मागे ठेवलेले कागद, टंचाई, हुद्दे, आणि वाट बघून आलेला कंटाळा.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमानं लिहिला आहे. समोर सहा मालिका ठेवू. ब्रिटनच्या चार: ‘डॅड्स आर्मी’ (१९६८–७७), ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४–८१), ‘अलो अलो’ आणि ‘ब्लॅकॲडर गोज फोर्थ’ (१९८९). अमेरिकेच्या दोन: ‘होगन्स हीरोज’ (१९६५–७१) आणि ‘मॅश’ (१९७२–८३). ब्रिटिश चारांपैकी पहिल्या तिन्हींत डेव्हिड क्रॉफ्ट हा एकच माणूस सहलेखक आहे. पहिल्या दोन त्यानं जिमी पेरीबरोबर लिहिल्या, तिसरी जेरेमी लॉइडबरोबर. सगळं बघायला वेळ नसेल तर निदान क्रॉफ्टची एक आणि ‘मॅश’चे चारपाच भाग बघा.

आधी भाग तीनदा बघा

पहिल्यांदा मजेसाठी बघा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि एकच प्रश्न लिहा: भाग सुरू झाला तेव्हा कोण कुठे होतं, संपला तेव्हा कोण कुठे आहे? उत्तर बहुतेक वेळा ‘जिथल्या तिथे’ असं येईल. तिसऱ्यांदा फक्त दारं मोजा, म्हणजे कोण कुठून आलं, कुणाला कुठे लपवलं, कोण कुणाच्या पाठमोरं गेलं. मराठी फार्स बघत वाढलेल्यांना ही मोजदाद सोपी जाईल. तिथे नवरा कपाटात असतो, इथे ब्रिटिश वैमानिक.

हे ‘जिथल्या तिथे’ पक्कं लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक युक्ती याच कामासाठी जन्मली आहे: अर्धा तास प्रचंड धावपळ करायची आणि शेवटी सगळ्यांना मूळ जागी आणून ठेवायचं. कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच दार उघडायचं असतं.

पहिली पायरी: कुणालाच सोडता येणार नाही अशी जागा निवडा

जागा निवडणं म्हणजे ‘छावणी’ असं वरच्या कोपऱ्यात लिहिणं नव्हे. लोक तिथून जात का नाहीत, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सहाही मालिकांची उत्तरं वेगळी आहेत, आणि प्रत्येक मालिकेचा स्वभाव त्या उत्तरातून आला आहे.

‘होगन्स हीरोज’मधलं उत्तर मला सर्वांत चतुर वाटतं. हॅमेलबुर्गजवळची स्टालाग १३ ही जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी. कैदी मनात आणलं तर दुपारी चहाला लंडनला जाऊ शकतील इतकी त्यांची तयारी आहे. भुयारं आहेत, झाडाच्या बुंध्यातून बाहेर पडायची वाट आहे, पहारेकऱ्यांची कुत्रीसुद्धा त्यांच्याशी शेपूट हलवतात. तरी ते जात नाहीत, कारण छावणी हाच त्यांच्या हेरगिरीचा अड्डा आहे. आणि छावणीचा प्रमुख कर्नल क्लिंक? ‘माझ्या छावणीतून आजवर एकही कैदी पळाला नाही’ एवढीच त्याची कमाई. म्हणजे क्लिंकचा लौकिक टिकवणं ही कैद्यांचीच गरज! क्लिंकची बदली होऊन कुणी हुशार अधिकारी येणार असं दिसलं की कैदीच त्याची खुर्ची वाचवायला धावतात. शत्रूला सांभाळून ठेवायला लावणारी ही एक कल्पना १६८ भागांना पुरली.

‘ब्लॅकॲडर’मध्ये बरोबर उलट. पहिल्या महायुद्धातला खंदक, आणि कॅप्टन ब्लॅकॲडरला तिथून काहीही करून निसटायचंय. कधी चित्रकार होऊन, कधी सैनिकांच्या करमणुकीचा कार्यक्रम बसवून, कधी वैमानिकांत भरती होऊन. जवळजवळ दर भागात एक योजना, आणि ती संपते त्याच चिखलात.

‘मॅश’मधल्या, कोरियाच्या युद्धातल्या लष्करी डॉक्टरांना घरी जायचंय, पण सक्तीची भरती आहे, आणि जखमी येतच राहतात. ‘डॅड्स आर्मी’तले म्हातारे कुठे जाणार? ते आपल्याच गावात आहेत. १४ मे १९४० रोजी अँथनी ईडननं रेडिओवरून केलेल्या आवाहनातून जी नागरी सेना उभी राहिली आणि पुढे होम गार्ड म्हणून ओळखली गेली, तिची ही गोष्ट. पेरी स्वतः पोरवयात तिच्यात होता.

देवळालीचा थांबा

इथे जरा रेंगाळतो, कारण विषय आपल्या अंगणातला आहे. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ घडते नाशिकजवळच्या देवळालीत, १९४५ साली. ब्रिटिश तोफखान्याची एक नाचगाण्याची तुकडी तिथे आहे. पुरुषांनीच बायकांची सोंगं घ्यायची आणि आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांची करमणूक करायची. करमणूक जमली नाही तर आपल्यालाही ब्रह्मदेशात लढायला पाठवतील, ही त्यांची धास्ती. सार्जंट मेजर विल्यम्सला तेच तर हवंय. पेरी युद्धकाळात देवळालीच्या अशाच तुकडीत होता, म्हणजे पुन्हा एकदा स्वतःच्या अंगावरचाच कपडा.

देवळाली ही निव्वळ पार्श्वभूमी नाही. एकोणिसाव्या शतकापासून ती ब्रिटिश सैनिकांची मुक्कामाची छावणी होती. सेवा संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची तिथे वाट बघत. जहाजं ठरावीक मोसमातच सुटायची, त्यामुळे मोसम हुकला की महिनोन्‌महिने काम ना धाम, वर नाशिकचा उन्हाळा. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्यातून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग आला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्लंडमध्ये डोकं फिरलेल्या माणसाला डूलाली म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला ते नाशिकरोडच्या शेजारचं स्टेशन आहे याची बहुधा कल्पना नसते.

लेखकासाठी यात सोनं आहे. लढाईपेक्षा लढाईची किंवा सुटकेची वाट बघणं जास्त विनोदी असतं. तुमच्या जागेत वाट बघणं आहे का, हे तपासा. नसेल तर जागा बदला.

आणि याच मालिकेतून दुसरा धडाही घ्या. तुकडीचा भारतीय नोकर रंगी राम हे पात्र मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं चेहरा काळवंडून केलं. बेट्सचा जन्म झाशीचा, त्याला हिंदुस्तानी बोलता यायची, आणि रंगी राम साहेबांपेक्षा पुष्कळदा शहाणाही दाखवलाय. हे सगळं मान्य. तरीही ज्यांच्या देशात गोष्ट घडते त्यांच्या तोंडची मुख्य भूमिका त्यांच्यापैकी कुणाला दिली नाही, हे आज डोळ्यांत खुपतं. चहावाला आणि पंखेवाला झालेले नट उपखंडातलेच होते, पण ते कडेला. वर ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणत मिरवणाऱ्या रंगी रामवर हसताना आपण कुणाच्या बाजूनं हसतोय, हे मला तरी पूर्ण उलगडलेलं नाही. तुमच्या गोष्टीत चहा आणणारा माणूस असेल तर त्याला एकतरी प्रसंग असा द्या, ज्यात साहेब खोलीत नाही.

दुसरी पायरी: खरा शत्रू आपल्याच वरच्या खुर्चीत बसवा

समोरच्या सैन्याचा उपयोग धाक म्हणून करा, पात्र म्हणून जपून. विनोद पेटतो तो आपल्याच माणसांत.

‘डॅड्स आर्मी’तला कॅप्टन मॅनरिंग बँकेचा मॅनेजर. हाताखालचा सार्जंट विल्सन बँकेतही त्याचा हाताखालचाच, पण शिकला मोठ्या घरच्या मुलांच्या शाळेत, बोलणं गोड, चालणं ऐटदार. अधिकार मॅनरिंगकडे, खानदान विल्सनकडे. मॅनरिंग हुकूम सोडतो, विल्सन हळूच विचारतो, ‘हे शहाणपणाचं होईल का साहेब?’ आणि तेवढ्यानं मॅनरिंगच्या टोपीतली हवा निघते. यांचं नाझींशी भांडण भागाभागांतून नावापुरतं. खरी लढाई हवाई हल्ल्याच्या वॉर्डन हॉजेसशी, जो पेशानं भाजीवाला आहे आणि ‘तो दिवा बंद करा!’ म्हणून गावभर ओरडत फिरतो.

जर्मनांकडेही तीच गत. क्लिंक घाबरतो तो जनरल बुर्कहाल्टरला, आणि दोघांच्याही डोक्यावर टांगती तलवार एकच: रशियन आघाडीवर बदली. हे दोन शब्द या मालिकांत इतक्यांदा येतात की नव्या लेखकाला ते स्वस्त वाटतात. पण त्यांचं काम बघा. एका वाक्यात धोका तयार होतो, कुणालाही गोळी घालावी लागत नाही, आणि पात्र मूर्खपणा करायला राजी होतं. तुमच्या गोष्टीतली ‘रशियन आघाडी’ कोणती ते आधी ठरवा. सगळ्यांना माहीत असलेली, कुणीही न पाहिलेली, आणि उच्चारताच घाम फोडणारी जागा हवी.

ज्या नटांनी हे जर्मन उभे केले त्यांच्याविषयीही सांगायला हवं. क्लिंक झालेला वेर्नर क्लेम्पेरर नाझींपासून बचावासाठी जर्मनी सोडलेल्या ज्यू घरातला. क्लिंक कधीही जिंकता कामा नये, या अटीवर त्यानं भूमिका घेतली. सार्जंट शुल्ट्झ झालेला जॉन बॅनर ऑस्ट्रियातून आलेला ज्यू. फ्रेंच कैदी लबो झालेला रोबेर क्लारी तर स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेला. शत्रूला बावळट दाखवण्याचा हक्क कुणाला, या प्रश्नाला त्या मालिकेनं पात्रनिवडीतूनच उत्तर दिलं होतं. तुम्ही लिहिताना हा प्रश्न टाळू नका.

तिसरी पायरी: एक वस्तू फिरवत ठेवा

आता सॉसेजकडे परत येऊ. फिरती वस्तू ही या प्रकारातली सर्वांत राबणारी युक्ती, आणि नवे लेखक इथेच सर्वांत जास्त पडतात. ते वस्तू निवडतात: गुप्त नकाशा, सांकेतिक वही. पण नकाशावर हसू कसं येणार? नियम दोन. वस्तूची किंमत मोठी हवी, आणि ती जिथे लपवली ती जागा हास्यास्पद हवी. मॅडोना एकटी विनोदी नाही, सॉसेजही नाही. मॅडोना सॉसेजमध्ये गेली की काम होतं.

मग एक तक्ता काढा. डाव्या रकान्यात माणसं, पुढे तीन रकाने: याला वस्तू कशाला हवी, याच्या मते ती कुठे आहे, ती खरी कुठे आहे. ‘अलो अलो’साठी हा तक्ता भरून बघा. कर्नल फॉन श्ट्रोमला चित्र म्हातारपणाची पुंजी म्हणून हवंय. गेस्टापोचा अधिकारी फ्लिक ते हिटलरसाठी शोधतोय, पण त्याची नजर स्वतःच्या खिशावर आहे. रनेला ते नकोच आहे, पण सापडलं तर मान त्याची जाणार. पुढे नकला तयार होतात आणि तक्ता भरता भरता तुमचीच दमछाक होते. प्रत्येक भागात एका माणसाचा फक्त मधला रकाना बदलायचा. सगळे एकदम बदललेत तर प्रेक्षक हात वर करतो.

त्या मालिकेत म्हणूनच दर भागाच्या सुरुवातीला रने कॅमेऱ्याकडे बघून मागचं सांगतो, आणि साधारण असं सुरू करतो की ‘मी आत्ता अमुक अवस्थेत का आहे असा तुम्हाला प्रश्न पडला असेल’. गुंतागुंत समजावून सांगण्याचं रटाळ काम त्यांनी विनोदातच बसवलं. रेझिस्टन्सची, म्हणजे जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच भूमिगत चळवळीची, मिशेल येते, ‘नीट ऐका, मी हे एकदाच सांगणार आहे’ असं बजावते आणि मग जी योजना सांगते ती कुणालाही एकदा ऐकून कळण्यासारखी नसते. तिचं वाक्य लोकांना पालुपद म्हणून आठवतं. प्रत्यक्षात ते प्रेक्षकाला सावध करणारी घंटा आहे: आता कथानक येतंय, कान द्या.

वस्तूसारखीच माणसंही फिरवता येतात. दोन ब्रिटिश वैमानिक पहिल्या भागापासून कॅफेत अडकलेले. त्यांना इंग्लंडला धाडायचे सगळे बेत फसतात. बायकांच्या रेशमी अंतर्वस्त्रांचा फुगा शिवून त्यांना उडवायचा घाटही घातला जातो. दोघांना फ्रेंच येत नाही, बाकीच्या बहुतेकांना इंग्रजी येत नाही. म्हणजे जिवंत सॉसेजच.

चौथी पायरी: लपायची जागा आणि तिचा चुगलखोर

लपण्याची जागा नुसती असून भागत नाही. तिला नको त्या वेळी तोंड फुटलं पाहिजे. कॅफेत लंडनशी बोलायचा रेडिओ सासूबाईंच्या पलंगाखाली आहे, आणि संदेश आला की पलंगाच्या खांबांवरचे गोळे लुकलुकतात. सासू अंथरुणाला खिळलेली आणि खवळलेली. आता जर्मन अधिकारी त्या खोलीत असताना गोळे लुकलुकले की प्रसंग आपोआप लिहिला जातो. स्टालाग १३ मध्ये क्लिंकच्या कचेरीतल्या हिटलरच्या तसबिरीत मायक्रोफोन लपवलाय आणि कैद्यांच्या बराकीत त्याचा आवाज येतो कॉफीच्या भांड्यातून.

शिस्त इतकीच पाळायची: प्रेक्षकाला सगळं दिसलं पाहिजे, शत्रूला अर्धं, आणि अडकलेल्या पात्राला दोघांना काय दिसतंय ते माहीत हवं. रहस्यकथेत आपण माहिती लपवतो. इथे ती आधीच वाटून टाकायची.

पाचवी पायरी: सोंग आणि भाषा

सोंगाचं व्याज चढतं हे विसरू नका. ‘अलो अलो’च्या सुरुवातीलाच रनेला गोळ्या घालायची शिक्षा होते. गोळ्या बनावट असल्यानं तो वाचतो, पण जगाच्या दृष्टीनं मेलेला. म्हणून तो स्वतःचाच जुळा भाऊ म्हणून परत येतो. इथवर नेहमीचंच. पण मग कॅफे मृत्युपत्रानुसार बायकोच्या नावावर जातो, ती आता कागदोपत्री विधवा, गावचा अंत्यविधी करणारा म्हातारा तिला मागणी घालतो, आणि रनेला स्वतःच्याच बायकोची मनधरणी करत बसावं लागतं. एका खोटेपणातून चार पुढची संकटं निघाली. तुमच्या सोंगाची अशी निदान तीन व्याजं लिहून काढा. निघत नसतील तर सोंग फक्त मिशी लावण्यापुरतं आहे.

भाषेची युक्ती मराठीत आणताना मात्र जपून. ‘अलो अलो’त सगळे इंग्रजीच बोलतात, फ्रेंच ढंगाची इंग्रजी म्हणजे फ्रेंच, जर्मन ढंगाची म्हणजे जर्मन. आणि क्रॅबट्री हा फ्रेंच पोलिसाचं सोंग घेतलेला इंग्रज हेर. त्याचं फ्रेंच वाईट आहे, हे दाखवायला त्याच्या इंग्रजीतले स्वर बदलतात, आणि ‘गुड मॉर्निंग’चं ‘गुड मोनिंग’ होतं. आपल्याकडे बहुतेक जण याचं भाषांतर म्हणून मालवणी किंवा वऱ्हाडी टाकतात. ते चूक. बोली म्हणजे चुकलेली भाषा नव्हे. क्रॅबट्रीची गंमत काना-मात्रेच्या गल्लतीत आहे. तसा मराठी क्रॅबट्री गंभीर चेहऱ्यानं सांगेल, ‘ताई, भूत शिजलाय, गरम परी वाढा,’ आणि त्याला म्हणायचं असेल भात आणि पुरी. आसपासचे कुणीही दचकत नाहीत, हे महत्त्वाचं. कुणी चूक सुधारली की विनोद मेला.

सहावी पायरी: कागद आणि अदलाबदल

सैन्य कागदावर चालतं. यावर ‘मॅश’नं जे केलं तसं फार थोड्यांना जमलं.

‘टटल’ नावाचा भाग (१९७३) शिकण्यासाठी उत्तम. कोरियातलं ४०७७ क्रमांकाचं फिरतं लष्करी रुग्णालय. अनाथाश्रमाला सामान द्यायचं म्हणून डॉक्टर हॉकाय एक कॅप्टन टटल कागदावर जन्माला घालतो. कागद असले की माणूस असतोच! टटलचा पगार निघतो, लोकांना तो भेटल्याचं आठवू लागतं, जनरलला त्याला पदक द्यायची इच्छा होते. आता माणूस आणायचा कुठून? शेवटी टटलला मारावं लागतं: हेलिकॉप्टरमधून उडी मारताना पॅराशूट विसरला. मला यातली सर्वांत मोठी हुशारी ही वाटते की खोटं वाढवतात ते हॉकाय नव्हे, बाकीचे लोक. आपण टटलला ओळखत नाही असं कबूल करायची कुणाचीच तयारी नसते.

दुसरा नमुना १९७४ सालचा, एका बुटाचा. हॉकायच्या बुटाला भोक पडलंय, थंडी कडाक्याची. नवा बूट देणाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडून काम हवंय, दातवाल्याला रजा हवी, रजेसाठी आणखी कुणाचा तरी रुसवा काढायला हवा, मग केक, मग केस वाळवायचं यंत्र. साखळी येऊन थांबते क्लिंगरपाशी. तो वेडा ठरून घरी जाता यावं म्हणून बायकांचे कपडे घालून हिंडतो. त्याच्या सुटकेचा कागद मात्र होत नाही, आणि साखळी उलटी कोसळते. अशी साखळी लिहायची तर शेवटाकडून लिहा. आधी न मिळणारी गोष्ट ठरवा, मग मागे या. पाचसहा कड्या पुरेत.

अडकलात तर पत्र ही वाट आहे. ‘मॅश’मध्ये कुणी ना कुणी घरी पत्र लिहितं आणि चार विस्कळीत प्रसंग त्या पत्राच्या दोऱ्यात ओवले जातात. फार वेळा मात्र नको. ही लेखकाची सुट्टी आहे, आणि ती रजेच्या खात्यातून कापली जाते.

सातवी पायरी: पालुपद पेरणं

पालुपद आधी ठरवू नका. ते पात्राच्या भीतीतून येऊ द्या. शुल्ट्झ म्हणतो, ‘मला काही माहीत नाही, मी काही पाहिलं नाही.’ लबोनं केलेल्या स्ट्रुडेलच्या लाचेला बळी पडलेल्या, युद्धाला कंटाळलेल्या माणसाचं ते जगायचं धोरण आहे. ‘डॅड्स आर्मी’तला म्हातारा जोन्स ‘घाबरू नका! घाबरू नका!’ म्हणत सर्वांत जास्त घाबरतो.

पण पालुपदापेक्षा मोठं हसू एकदाच बोललेल्या वाक्याला मिळतं. १९७३ सालचा ‘डॅड्स आर्मी’चा एक भाग. पकडलेल्या जर्मन पाणबुडीचा कप्तान कैदेत असूनही सगळ्यांवर रुबाब करतोय. जेवणासाठी मागवलेले बटाट्याचे काप कुरकुरीतच हवेत म्हणून बजावतो, आणि युद्ध जिंकल्यावर बघून घेऊ म्हणून उद्धटांची नावं यादीत टिपतो. पोरगेला पाइक हिटलरवर टवाळीचं गाणं म्हणतो. कप्तान विचारतो, तुझं नाव काय? मॅनरिंग झटक्यात ओरडतो, ‘सांगू नकोस त्याला, पाइक!’ हे वाक्य लागतं कारण यादीची धास्ती आधी सावकाश भरलेली आहे, आणि चूक करणारा माणूस त्याच क्षणी सर्वांत खबरदार आहे. पालुपदं वर्षभर जमतात, असं वाक्य कधीतरीच.

आठवी पायरी: उधारी कधी चुकवायची

आतापर्यंतच्या सगळ्या युक्त्या एक गोष्ट टाळतात: युद्धात माणसं मरतात. ही उधारी प्रत्येक भागागणिक वाढते. ती चुकवायची की नाही, हा लेखकाचा सर्वांत अवघड निर्णय. ‘होगन्स हीरोज’नं चुकवली नाही, त्या मालिकेला शेवटचा असा भागच नाही. ‘अलो अलो’ही हसतच संपली. त्यात गैर नाही, पण मग मधेच एक रडका भाग घुसवू नका.

चुकवायची असेल तर ‘मॅश’कडे बघा. वाहिनीला मुद्रित हशा हवाच होता. निर्मात्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीत तो वाजवायचा नाही हे पदरात पाडून घेतलं. म्हणजे उधारीची एक खोली पहिल्यापासून राखून ठेवली. मार्च १९७५ मध्ये त्यांनी रुग्णालयाचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेकला घरी पाठवलं. निरोप झाला, हसू झालं, भाग संपल्यात जमा. मग रुग्णालयाचा कारकून रडार मास्क न लावता शस्त्रक्रियेच्या खोलीत येतो आणि वाचून दाखवतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. कुणी काम थांबवत नाही, एक हत्यार खाली पडल्याचा आवाज येतो. ज्या माणसाला जागा सोडायची परवानगी मिळाली तोच मेला. पहिल्या पायरीचा नियम मोडला आणि त्याचा दंड लगेच वसूल झाला.

‘ब्लॅकॲडर’नं तेच शेवटच्या भागात सगळ्यांबाबत केलं, २ नोव्हेंबर १९८९ रोजी. कॅप्टन ब्लॅकॲडरचं वेड्याचं सोंग फसतं. मग मागे कचेरीत सुरक्षित बसलेला, पाच भाग आपण ज्याचा द्वेष केला तो कॅप्टन डार्लिंग, त्यालाही जनरल लाडानं आघाडीवर पाठवतो. तो खंदकात उतरतो तेव्हा हसू घशात अडकतं. तोफा थांबतात आणि त्याला क्षणभर वाटतं, संपलं महायुद्ध, १९१४ ते १९१७. ब्लॅकॲडरचा शिपाई बॉल्ड्रिक, त्याच्याकडे शेवटचीही एक योजना असते, पण ऐकायला वेळ उरलेला नाही. शिट्टी वाजते, सगळे वर चढतात, आणि चित्र हळूहळू पॉपीच्या शेतात विरतं. कुठलंही भाषण नाही.

सराव: डिसेंबर १९७१, एक चाळ

हे सगळं हाताखालून जावं म्हणून एक गृहपाठ. ३ ते १६ डिसेंबर १९७१. मुंबईत ब्लॅकआउट. काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, भोंगा वाजला की अंधार. घरच्या मोठ्यांना विचारा, पुष्कळांना आठवत असेल. हॉजेसची ‘तो दिवा बंद करा’ ही आरोळी आपल्याही गॅलऱ्यांतून घुमली आहे.

जागा: तीन मजली चाळ, अंधार पडल्यावर बाहेर जाता येत नाही. वरची खुर्ची: स्वयंनियुक्त वॉर्डन, तळमजल्यावरचे निवृत्त हेडकारकून अण्णा. त्यांचं भांडण पाकिस्तानशी कमी, दुसऱ्या मजल्यावरच्या नाडकर्णी मास्तरांशी जास्त, कारण मास्तर खरोखर सैन्यात होते आणि कधी बोलून दाखवत नाहीत. रशियन आघाडी: पोलीस चौकीत नाव जाणं. वस्तू: येऊ घातलेल्या लग्नासाठी जमवलेलं रॉकेल, आणि ते लपवलंय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी, ‘गंगाजल’ लिहिलेल्या कळशीत. तक्ता भरा: कोणाला ते हवंय, कोणाच्या मते ते कुठे आहे, आणि काकू त्यातलं तीर्थ म्हणून कुणाला देणार आहेत. चुगलखोर तुम्ही शोधा. माझ्या मनात एक आंधळी आजी आहे. तिला अंधाराचा काहीच फरक पडत नाही, आणि पावलांच्या आवाजावरून ती प्रत्येकाला नावानं हाक मारते.

मालिका अकरा वर्षं चालवायची असेल तर युद्ध चौदाच दिवसांचं आहे म्हणून घाबरू नका. कोरियाचं युद्ध तीन वर्षं चाललं, ‘मॅश’ अकरा हंगाम. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं दाखवू नका.

आणि उधारी? मास्तरांचा मुलगा पूर्वेच्या आघाडीवर आहे, हे पहिल्या भागात एका ओळीत सांगून ठेवा आणि विसरून जा. १६ तारखेला रात्री सगळ्या गॅलऱ्यांत दिवे लागतात. अण्णा सवयीनं ओरडायला तोंड उघडतात आणि गप्प होतात. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली अजून अंधारात आहे. अण्णा जिना चढायला लागतात. आजी खालून आवाज ओळखते, पण या वेळी हाक मारत नाही.